ट्रिप्टोफॅनची गोळी आणि अंगातला दाह

प्रश्न : आई ५८ वर्षांची आहे. तिला आमवात आहे, सीआरपी (दाह दाखवणारी रक्तातली तपासणी) नेहमी वाढलेलाच असतो. उदास राहते आणि झोप नाही, म्हणून डॉक्टरांनी एस्सिटालोप्राम दिलं आहे. ओळखीचे एक जण म्हणतात, ट्रिप्टोफॅनच्या ५०० मिलिग्रॅमच्या गोळ्या द्या, सेरोटोनिन (मन आणि झोप सांभाळणारं मेंदूतलं रसायन) वाढेल आणि मेंदूतला दाह उतरेल. द्याव्यात का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : देऊ नका. एस्सिटालोप्रामही सेरोटोनिनच वाढवतं, त्यासोबत ही गोळी घेतली तर सेरोटोनिन प्रमाणाबाहेर जाऊ शकतं. हातपाय थरथरणं, दरदरून घाम, जुलाब, बेचैनी, ताप ही त्याची लक्षणं. दुखण्यासाठी ट्रामाडॉल चालू असेल तर धोका आणखी वाढतो. ट्रिप्टोफॅनच्या गोळ्या सुरू केल्या असतील तर त्या बंद करा, आणि यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. एस्सिटालोप्राम मात्र परस्पर थांबवू नका.

आता मूळ मुद्दा. ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल शरीर बनवू शकत नाही, ते अन्नातूनच येतं. त्यातलं अगदी थोडं सेरोटोनिनसाठी वापरलं जातं. मोडणाऱ्या ट्रिप्टोफॅनपैकी सुमारे ९५ टक्के कायन्युरेनिन या दुसऱ्याच रसायनाच्या वाटेने जातं. एरवी हे काम मुख्यतः यकृतात चालतं. दाह वाढला की इंटरफेरॉन-गॅमासारखे संदेश आयडीओ नावाचं विकर (एन्झाइम) जागं करतात आणि इतर पेशीही त्याच वाटेला लागतात. पाटाचं दार भलत्या वाफ्याकडे फोडलेलं असताना विहिरीवरचा पंप वाढवून काय होणार?

कायन्युरेनिन रक्तातून मेंदूत शिरतं. तिथल्या मायक्रोग्लिया या संरक्षक पेशी त्यापासून क्विनोलिनिक आम्ल बनवतात. ते चेतापेशींना अति उत्तेजित करतं, जास्त झालं तर इजाही करतं. याच कायन्युरेनिनपासून कायन्युरेनिक आम्लही बनतं, ते उलट उत्तेजना रोखतं. व्यायामाचं महत्त्व इथे आहे. राबता स्नायू रक्तातल्या कायन्युरेनिनचं कायन्युरेनिक आम्ल करतो, आणि रक्तातलं हे आम्ल मेंदूत फारसं शिरत नाही. म्हणजे मेंदूत जायला कायन्युरेनिनच कमी उरतं. म्हणून सांधे सोसतील तेवढं चालणं रोज हवं. सांधा लाल आणि गरम असेल त्या दिवशी त्याला विश्रांती द्या.

या वाटेवरच्या काही विकरांना ब-६ जीवनसत्त्व लागतं. पण म्हणून त्याच्या मोठ्या मात्रा महिनोन् महिने घेऊ नयेत, हातापायांच्या नसा बधिर होतात.

आहारातलं ट्रिप्टोफॅन चालू राहू द्या. गरज दिवसाला किलोमागे सुमारे ४ मिलिग्रॅम, म्हणजे ६० किलो वजनाला २४० मिलिग्रॅम. पाव लिटर दुधात साधारण १०० आणि मूठभर शेंगदाण्यांत ७०-७५ मिलिग्रॅम मिळतं. उरलेलं डाळ-भाकरीतून सहज भरून निघतं.

‘नैसर्गिकच तर आहे’ असं कोणी म्हणालं तर १९८९ सालची अमेरिका आठवा. या गोळ्या घेणाऱ्या दीड हजारांहून अधिक लोकांना स्नायूंच्या तीव्र वेदनांचा आजार झाला, तिसाहून अधिक दगावले. बोट गेलं ते एकाच उत्पादकाच्या मालातल्या अशुद्धीकडे.

आईच्या बाबतीत आधी आमवात आटोक्यात आहे का, ते पाहा. पुढच्या भेटीला सीआरपीचे जुने-नवे अहवाल आणि चालू औषधांची यादी संधिवाततज्ज्ञांकडे न्या. झोप कधीपासून बिघडली, तेही त्यांना सांगा.