अर्धवट राहिलेल्या गोधड्या : वाचकांचे प्रश्न

गेल्या महिन्यात या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे एकाच अडचणीची होती. गोधडी घालायला घेतली जाते, मनात दुसरी येते, तिसरीचे कापड हाताशी असते, आणि कपाटात अर्धवट कामांची चळत वाढत जाते. त्यांतील चार पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पहिल्या पत्रात जवळजवळ सगळ्यांचेच प्रश्न आले असल्याने त्यावर जास्त विस्ताराने लिहिले आहे.

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. माझ्याकडे आज पाच कामे अर्धवट आहेत. पुतणीच्या होणाऱ्या बाळासाठी दुपटे कापून ठेवले आहे आणि बाळंतपण दीड महिन्यावर आले आहे. सासूबाईंच्या नऊवारी लुगड्यांची एकेरी गोधडी तीन वर्षांपूर्वी टाचली, तिचा तिसरा भाग शिवून झाला आणि ती तशीच पडली. मुलीचे लग्न वैशाखात आहे, तिच्यासाठी तुकडे जोडून दुहेरी गोधडीचा वरचा थर पूर्ण केला, पण अस्तर आणलेले नाही. दिवाणावर घालायला खणाच्या तुकड्यांची वाकळ जोडायला घेतली, ती निम्म्यावर आहे. शिवाय मुलाच्या जुन्या टी-शर्टांचे चौकोन कापून ठेवले आहेत. रोज वेगळी पिशवी उघडते आणि कोणतेच काम पुढे सरकत नाही. सुरुवात कोठून करू? (एक वाचक, सांगली)

उत्तर : आपल्या पत्रातील पाच कामे मी कागदावर मांडली, तेव्हा एक गोष्ट प्रथम लक्षात आली. ही सगळी कामे एकाच टप्प्यावर नाहीत आणि हे आपल्या सोयीचे आहे. गोधडीचे काम म्हटले की आपण सगळे मिळून एकच काम समजतो. प्रत्यक्षात कापड निवडून धुणे आणि कापणे, तुकडे जोडणे, थर अंथरून कच्च्या टाक्यांनी टाचणे, धावदोरा घालणे आणि कडा बंद करणे ही पाच निराळी कामे असून प्रत्येकाला निराळी जागा, निराळी वेळ आणि निराळे मन लागते. कापायला आणि टाचायला मोकळी जमीन व सलग दुपार लागते, जोडायला मशीन लागते, धावदोरा मात्र संध्याकाळी गप्पा मारतामारता घालता येतो. म्हणून माझा पहिला आग्रह असा, की धावदोऱ्याच्या टप्प्यावर एका वेळी एकच गोधडी असावी. बाकीची कामे त्याआधीच्या टप्प्यांवर खुशाल असू द्यावीत, परंतु ज्या दोन गोधड्यांना एकाच वेळी सुई लागलेली आहे त्या दोन्ही रखडतात, कारण आज हिचे चार टाके आणि उद्या तिचे चार टाके घालून डोळ्यांना कोठेच प्रगती दिसत नाही.

दुसरा आग्रह मोजणीचा आहे. 'गोधडी संपत नाही' असे आपण म्हणतो ते बहुतेक वेळा ती किती उरली आहे हे ठाऊक नसल्यामुळे. हिशोब सोपा आहे. लांबी आणि रुंदीचा गुणाकार करून त्याला दोन ओळींमधील अंतराने भागले, की एकूण किती लांबीचा धावदोरा घालायचा आहे ते कळते. आपले दुपटे ९० सेंटिमीटर चौरस असेल आणि ओळींमध्ये २.५ सेंटिमीटरचे, म्हणजे अंगठ्याच्या पेराएवढे अंतर ठेवले, तर सुमारे ३२ मीटर शिवण होते. सुईत ७५ सेंटिमीटर दोरा ओवला तर गाठ आणि शेवटचे टोक वजा जाता त्यात साधारण ६० सेंटिमीटर शिवण निघते. म्हणजे हे दुपटे ५४ दोऱ्यांचे आहे. हात बसलेला असेल तर चार दोऱ्यांना तास पुरतो, म्हणून रोज तासभर बसल्यास ते १४ दिवसांत संपते. लांब दोरा ओवला तर सुईत पुन्हा ओवण्याचा त्रास वाचेल असे वाटते, पण लांब दोरा गुंततो आणि कापडातून वारंवार ओढला गेल्याने झिजून तुटतो.

हाच हिशोब सासूबाईंच्या गोधडीला लावा. १५० बाय २१० सेंटिमीटरची गोधडी त्याच अंतराने शिवली तर १२६ मीटर, म्हणजे २१० दोरे होतात. तिसरा भाग झालेला असल्याने १४० उरले, आणि रोज चार या गतीने ते ३५ दिवसांचे काम आहे. तीन वर्षे जी गोधडी आपल्याला डोंगराएवढी वाटत आली, ती पाच आठवड्यांची आहे. वहीत एका पानावर १४० रेघा आखून रोज संपलेल्या दोऱ्यांवर खूण करीत जा. मी स्वतः कित्येक वर्षे अशी वही ठेवत आले आहे, आणि पूर्ण झालेल्या गोधडीइतकेच ते भरलेले पानही मला जपून ठेवावेसे वाटते.

आता क्रम. दुपटे आधी, कारण बाळ थांबणार नाही. त्यात सुती आणि अनेकदा धुतलेले मऊ कापडच वापरा. जरीचा काठ कितीही सुंदर असला तरी बाळाच्या कातडीला बोचतो, म्हणून तो येथे नको. असे दुपटे अंगाखाली अंथरण्यासाठी आणि मांडीवर घेताना गुंडाळण्यासाठी असावे. झोपलेल्या तान्ह्या बाळाच्या अंगावर जाड पांघरूण मोकळे टाकू नये, कारण ते तोंडावर येण्याचा धोका असतो.

त्यानंतर सासूबाईंची गोधडी. ज्या दिवसांत ती शिवून होत असेल, त्याच दिवसांत एखाद्या मोकळ्या दुपारी मुलीच्या गोधडीचे अस्तर तयार करून घ्या. वरचा थर २१० सेंटिमीटर चौरस असेल तर साडेपाच मीटरची एक सुती सहावारी पुरते: २.२० मीटरचे दोन तुकडे कापून काठाकाठाने जोडले की अस्तर झाले, आणि उरलेल्या सुमारे एक मीटरमधून गोटाच्या, म्हणजे कडेला लावायच्या, पट्ट्या निघतात. मात्र नवी साडी असेल तर ती आधी भिजवून, खळ काढून वाळवलीच पाहिजे. वरचे कापड जुने आणि अस्तर कोरे असले, की पहिल्याच धुण्यात अस्तर आटते आणि गोधडीला सुरकुत्या पडून ती चुरगळल्यासारखी दिसते. या गोधडीला साधारण २९५ दोरे लागतील, म्हणजे अडीच महिने. आपले पत्र आश्विनातले आहे. दुपटे आणि सासूबाईंची गोधडी सात आठवड्यांत संपली, तर मुलीची गोधडी माघाच्या अखेरीस किंवा फार तर फाल्गुनात आपल्या हाती पूर्ण होऊन येईल. लग्नाआधी एवढी सवड हवीच, कारण लग्नघरात शेवटचे दोन महिने सुईला हात लागत नाही.

कडा बंद करण्याविषयी थोडे जास्त लिहिते, कारण नव्वद टक्के झालेल्या गोधड्या बहुधा येथेच अडकतात. सगळा धावदोरा संपतो, मन पुढच्या कामाकडे धावू लागते आणि गोट लावायचा राहतो. आपल्या जुन्या बायका हे काम शेवटासाठी ठेवतच नसत. वरच्या थराची व अस्तराची कड आत दुमडून पहिली ओळ काठाकाठाने घालायची आणि मग चौकटीच्या आत चौकट घालीत मध्याकडे यायचे, ही आपल्याकडची एक जुनी पद्धत आहे. कर्नाटकात उत्तर कन्नड जिल्ह्यातील हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड या भागांत राहणाऱ्या सिद्दी समाजाच्या स्त्रिया ज्या कवंदी, म्हणजे त्यांच्याकडच्या गोधड्या, शिवतात, त्याही कोपऱ्यापासून आरंभ करून कडेकडेने तुकडे लावीत मध्याकडे येतात, आणि चारही कोपऱ्यांना दुमडलेल्या कापडाची 'फुले' लावल्याशिवाय कवंदी पूर्ण मानीत नाहीत. या रीतीत मोठे शहाणपण आहे: मधला शेवटचा टाका पडला की गोधडी त्याच क्षणी वापरायला तयार असते. फक्त एक पथ्य पाळावे. कडेकडून आत येताना सैल कापड मध्यभागी साचते, म्हणून कच्चे टाके मध्यापासून कडेकडे, दाट आणि चारही दिशांनी घातलेले असावेत आणि शिवताना तळहाताने कापड सतत सारखे करीत राहावे.

खणांची वाकळ सध्या गुंडाळून ठेवा. ती कोणाची वाट पाहत नाही. टी-शर्टांविषयी मात्र स्पष्ट सांगते, की ते काम आपण सोडून द्यावे असे मला वाटते. टी-शर्टाचे कापड ताणले जाते, त्याच्या प्रत्येक चौकोनाला मागून न ताणणारे कापड लावावे लागते, आणि आपल्या पत्रात त्या एकाच कामाविषयी ओढ दिसली नाही. त्यातील दोन चौकोन उशीच्या अभ्र्यांना लावून मुलाला द्यावेत आणि बाकीचे फडक्यांत जाऊ द्यावेत. एखादे काम जाणीवपूर्वक थांबवणे हादेखील ते मिटवण्याचा एक रास्त मार्ग आहे आणि त्याबद्दल मनाला लावून घेऊ नये.

प्रश्न : आमचे घर दोन खोल्यांचे आहे. गोधडी अंथरून टाचायला जागाच होत नाही, त्यामुळे तीन गोधड्या टाचण्याआधीच्या टप्प्यावर थांबल्या आहेत. काय करावे? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : टाचण्याचे काम तिन्ही गोधड्यांसाठी एकाच दिवशी उरकावे. इमारतीची गच्ची, सोसायटीचे सभागृह किंवा एखाद्या मैत्रिणीचा हॉल एका दुपारपुरता मागून घ्या आणि दोघीतिघींना बोलवा; पूर्वी गोधडी टाचायला शेजारणी चारही बाजूंना बसत, त्याचे कारण हेच होते की चार बाजूंनी एकदम ताण दिला तर थर सरकत नाहीत. अस्तर उलटे अंथरून त्याच्या कडा जमिनीला चिकटपट्टीने बसवाव्यात, त्यावर आतले थर आणि सर्वांत वर वरचा थर पसरून वितीवितीच्या अंतरावर कच्चे टाके घालावेत. कच्च्या टाक्यांना गडद दोरा वापरू नये. फिक्या कापडावर त्याचा रंग उतरतो. टाचलेली गोधडी घडी न घालता गुंडाळून कपाटावर ठेवली तर जागा कमी लागते आणि घडीचे व्रणही पडत नाहीत. पुढे शिवताना मांडीवर मावेल एवढाच भाग उलगडावा.

प्रश्न : पावसाळ्याआधी ठेवून दिलेली गोधडी दसऱ्याला काढली, तर सुई टोचून ठेवली होती तेथे गंजाचा डाग पडला आहे. टाचण्यांच्या जागीही तसेच ठिपके आहेत. डाग जाईल का? (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : ताजा डाग बहुधा जातो. त्यावर मीठ पसरून लिंबाचा रस पिळावा, कापड उन्हात ठेवावे आणि सुकल्यावर साध्या पाण्याने धुवावे. गरज वाटल्यास पुन्हा करावे. रंगीत कापड असेल तर आधी एखाद्या आतल्या कोपऱ्यावर करून पाहावे, कारण लिंबाने काही रंग फिके होतात. क्लोरीनचे ब्लीच मात्र अजिबात लावू नये, त्याने गंजाचा डाग अधिकच पक्का होतो. कोकणातल्या दमट हवेत काम थांबवताना, मग ते दोनच दिवसांसाठी असो, सुई आणि टाचण्या काढून डबीत ठेवण्याची सवय लावून घ्यावी. कापड प्लॅस्टिकच्या पिशवीत न ठेवता जुन्या सुती पंचात बांधावे, त्यात वाळवलेला कडुनिंबाचा पाला घालावा आणि सोबत एका चिठ्ठीवर तारीख, टप्पा व उरलेले दोरे लिहून ठेवावेत. तीन महिन्यांनी ती बोचकी उघडताना ही चिठ्ठी फार उपयोगी पडते. पुष्कळ कामे केवळ 'मी कोठे होते' हे न आठवल्यामुळे पुन्हा हातात घेतली जात नाहीत.

प्रश्न : आई गेल्यावर तिच्या ट्रंकेत एक अर्धी शिवलेली गोधडी सापडली. मी ती इकडे अमेरिकेत घेऊन आले. येथे मोठ्या मशीनवर रजया शिवून देणारी दुकाने आहेत. त्यांच्याकडून ती पूर्ण करून घ्यावी का? माझा हात आईसारखा चालत नाही, माझे टाके मोठे पडतात. की ती तशीच ठेवावी? (एक वाचक, न्यू जर्सी)

उत्तर : आपले पत्र मी दोनदा वाचले. मशीनचा विचार सोडून द्यावा, असे मी मनापासून सुचवीन आणि त्याला कापडाचेच कारण आहे. वर्षानुवर्षे वापरून विरत आलेल्या सुती लुगड्याला मशीनचे दाट टाके सोसत नाहीत. सुईच्या छिद्रांच्या ओळीवरच कापड फाटत जाते. हाताचा धावदोरा सैल आणि विरळ असतो, तो जुन्या कापडाला सांभाळून घेतो.

आधी कापडाची परीक्षा करावी. न शिवलेल्या भागात दोन्ही अंगठ्यांनी कापड हलकेच ताणून पाहा. ते टिकले तर निर्धास्तपणे शिवा. तंतू सुटू लागले तर त्या भागावर पातळ मलमलीचा थर टाचून त्याच्यासह शिवावे, त्यातून आईने लावलेले कापड दिसत राहील. शिवून पूर्ण होईपर्यंत ती धुऊ नका, थर सरकतील. वास येत असेल तर कोरड्या दिवशी सावलीत वारा द्यावा.

टाके मोठे पडतात, ते पडू द्यावेत. आईचे टाके उसवून सगळी गोधडी एकसारखी करण्याचा मोह होईल, तो आवरावा. आपल्या घरांतील जुन्या गोधड्या नीट पाहिल्या तर कित्येकींत दोन-तीन हात ओळखू येतात: आजीची बारीक ओळ, मग सुनेची थोडी तिरपी, मध्येच शाळकरी मुलीने घातलेले हातभर लांब टाके. दोराही मुद्दाम अगदी तसाच शोधण्याची गरज नाही. जाड सुती पांढरा दोरा मेणावरून ओढून घ्या, म्हणजे तो गुंतणार नाही. आईचा दोरा जेथे थांबला आहे तेथे त्याचे टोक सुटे असेल. ते कापू नका. त्याच ओळीत चार बोटे मागून, तिच्या टाक्यांच्या मधल्या मोकळ्या जागांतून आपला दोरा घाला, गाठ थरांच्या आत ओढून लपवा, आणि तिच्या शेवटच्या टाक्यावरून पुढे जा.