वाचकांचे प्रश्न : लिपो (लिथियम-पॉलिमर बॅटरी) पॅक निवडताना

प्रश्न : माझं 1.2 मीटर पंखांचं, रिमोटवर उडणारं फोमचं ट्रेनर विमान आहे. मोटर 2212 (आकार), 1000 केव्ही (व्होल्टमागे मिनिटाला 1000 फेऱ्या). प्रॉप (पुढचा पंखा) 10 बाय 4.5; ईएससी (मोटरचा वेग नियंत्रक) 30 अँपिअरचा. दुकानदार म्हणतो, 3 एस (तीन सेलांचा) 2200 एमएएच 25 सीपेक्षा थोडे पैसे घालून 3000 एमएएच 60 सी घ्या, जोर वाढेल. घेऊ का?
– एक वाचक, म्हापसा

उत्तर : नको. 2200 चाच घ्या आणि वाचलेले पैसे वॉटमीटरवर खर्च करा.

सी म्हणजे पॅक आपल्या क्षमतेच्या किती पट करंट देऊ शकतो तो आकडा. 2200 एमएएच म्हणजे 2.2 अँपिअर-तास, त्याला 25 ने गुणलं की 55 अँपिअर. तुमची मोटर या प्रॉपवर पूर्ण थ्रॉटलला साधारण 15 ते 18 अँपिअर ओढते. म्हणजे पॅक गरजेच्या तिप्पट देऊ शकतो. सी मोठा म्हणून मोटर जास्त करंट ओढू लागत नाही. करंट ठरवतात मोटर, प्रॉप आणि व्होल्टेज. भारी पॅकचं व्होल्टेज लोडखाली थोडं कमी घसरतं, एवढाच लाभ. त्याची किंमत म्हणून नाकात 70-80 ग्रॅम वाढतात, गुरुत्वमध्य पुढे सरकतो आणि उतरताना वेग जास्त ठेवावा लागतो. शिकणाऱ्याला नेमकं तेच जड जातं.

शिवाय लेबलवरचा सी कंपनी स्वतःच ठरवते, त्याला सगळ्यांनी मानलेली एकच चाचणी नाही. त्यापेक्षा सेलचा अंतर्गत रोध बघा. चांगले बॅलन्स चार्जर (प्रत्येक सेल वेगळा मोजून सगळे सारखे भरणारे) तो मिलिओहममध्ये दाखवतात. समजा एका पॅकचा प्रत्येक सेल 6 आणि दुसऱ्याचा 15 मिलिओहम आहे. 16 अँपिअरला पहिल्या पॅकचं व्होल्टेज 0.29 ने पडेल आणि 4.6 वॉट उष्णता होईल, दुसऱ्याचं 0.72 ने पडेल आणि साडेअकरा वॉट आतच जळतील. उतरल्यावर हातात घेतलेला पॅक चटका देतो तो यामुळे. तिन्ही सेलांचे आकडे एकमेकांजवळ हवेत. नव्या पॅकमध्येच एक सेल दुप्पट दाखवत असेल तर तो परत करा.

उडण्याच्या वेळेचा हिशोब क्षमतेच्या 80 टक्क्यांवर करा. 1.76 अँपिअर-तास, सरासरी 10 अँपिअर, म्हणजे साडेदहा मिनिटं. टायमर आधी सात मिनिटांवर लावा. उतरून थोडा वेळ विसावल्यावर सेल 3.7 व्होल्टच्या वर असेल तर एकेक मिनिट वाढवा. लोडखाली 3.3 च्या खाली सेल नेऊ नका. ईएससीचं सेटिंगही तपासा : काहींमध्ये ते निकेलच्या बॅटरीवर असतं आणि लिपोला योग्य कटऑफ (सेल फार उतरण्याआधी मोटर थांबवणं) मिळत नाही.

प्लग एक्सटी60 ठेवा. जुना प्लग बदलताना एका वेळी एकच वायर कापा आणि तिच्यावर लगेच टेप लावा. दोन्ही एकदम कापल्या तर कात्रीच शॉर्ट करते.

प्रश्न : माझी ब्रश मोटरची बोट 2 एसवर चालते. 3 एस लावला तर वेग दीडपट होईल ना?
– एक वाचक, दिवाडी

उत्तर : त्याआधी काहीतरी जळेल. पाण्यात पंखा फिरवायला लागणारा जोर फेऱ्यांच्या वर्गाने वाढतो. व्होल्टेज दीडपट, म्हणून करंट जवळजवळ सव्वादोनपट : आता 12 अँपिअर लागत असतील तर 27 कडे जातील. 3 एस हवाच असेल तर ईएससी तेवढ्या व्होल्टेजचा आहे ना बघा, लहान व्यासाचा पंखा लावा आणि पहिल्या दोन मिनिटांनंतर मोटरला हात लावून पाहा.

मानशीकडच्या (खाजणाच्या बांधातल्या दारांजवळच्या) खाऱ्या पाण्यात चालवत असाल तर बॅलन्स प्लग जपा. त्याच्या पिनांवर हिरवट थर आला की चार्जर सेलचं व्होल्टेज चुकीचं वाचतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. वेष्टनाच्या आत खारं पाणी गेलेला पॅक चार्ज करूच नका.

प्रश्न : मे महिन्यात बंद गाडीत राहिलेला पॅक उशीसारखा फुगला आहे. वापरता येईल का? आणि बाकीचे पॅक पावसाळ्यात कसे ठेवू?
– एक वाचक, फोंडा

उत्तर : वापरू नका. उष्णतेने आतलं इलेक्ट्रोलाइट फुटून वायू झाला आहे. तो परत द्रव होत नाही. टोचूनही काढू नका. घराबाहेर, आडोशाला, चिऱ्यावर वाळू घालून पॅक ठेवा आणि गाडीचा 12 व्होल्ट 21 वॉटचा बल्ब जोडा. भरलेला 3 एस 2200 रिकामा व्हायला तास-दीड तास लागतो. बल्ब विझल्यावरही रात्रभर जोडलेला राहू दे, मग प्लगवर टेप लावून ई-कचऱ्यात द्या. मिठाच्या पाण्यात बुडवण्याचा उपाय पुष्कळ जण सांगतात, पण त्यात आधी टोकं गंजतात आणि चार्ज आतच राहतो.

चांगले पॅक चार्जरच्या स्टोरेज मोडवर, सेलमागे 3.80 ते 3.85 व्होल्टवर आणा. 4.2 वर चार महिने ठेवलेला पॅक फुगतो, रिकामा ठेवलेला मरतो. सिलिका जेलच्या पुडीसह पत्र्याच्या डब्यात ठेवा, पण झाकण घट्ट लावू नका. आग लागली तर वायूला वाट हवी. महिन्यातून एकदा मीटर लावा.

चतुर्थीनंतर काढाल तेव्हा पहिलं चार्जिंग अर्ध्या सीने, म्हणजे 2200 ला 1.1 अँपिअरने, जवळ बसून करा. बॅलन्स होऊन दुसऱ्या दिवशी एखादा सेल पुन्हा 0.05 व्होल्टहून जास्त मागे पडलेला दिसला, तर तो पॅक विमानात घालू नका.