पहिल्या राष्ट्रीय ज्युनियर आइस हॉकी स्पर्धेला जाताना

स्केट्सना धार सामन्याच्या सकाळी लावू नकोस. शेवटच्या सरावाआधी लाव, म्हणजे पायाला सवय होते. पात्यावर नाणं आडवं ठेवून बघ. ते एकीकडे कललं तर दोन्ही कडा समान नाहीत, वळताना पाय हमखास घसरणार.

बर्फावर एका दमात ४०-४५ सेकंदच खेळ. दमलेली पोरं रेटत राहतात आणि नेमका तेव्हाच गोल बसतो. बदली होताना साथीदार बाकाजवळ पोचेपर्यंत कठडा ओलांडू नकोस, नाहीतर जास्त खेळाडूंबद्दल संघाला २ मिनिटांची शिक्षा!

सामना संपला की पाती पुसून कोरडी कर, हातमोजे बॅगेबाहेर काढ. ओल्या बुटांनी पायाला फोड येतात. नवेकोरे स्केट्स स्पर्धेत अजिबात नकोत. जादा नाड्या मात्र हव्यातच.