विचारा सिस्टरांना : कापलेला पाय जातो कुठे?

प्रश्न : गेल्या महिन्यात शुगरमुळे वडिलांचा उजवा पाय गुडघ्याखालून काढावा लागला. जखम भरत आलीय. पण ऑपरेशनच्या घाईत सह्या केल्या, त्यात पायाचं काय करणार ते मी वाचलंच नाही. आई रोज विचारते, "त्यांचा पाय कुठं टाकला रे?" निदान राख तरी मिळेल का?
– एक मुलगा, कराड

उत्तर : आईंना आधी एवढं सांगा, की पाय 'टाकत' नाहीत. मी १९ वर्षं ऑपरेशन थिएटरला होते, असे पाय या हातांनी गुंडाळलेत, म्हणून सांगते.

पाय सुटला की सर्जन तो ट्रेमध्ये देतात. कापलेल्या टोकाला हाड असतं आणि ते चांगलंच टोचतं. माझ्या सुरुवातीच्या काळात एकदा त्या हाडानं पिशवी फाटली. थिएटरच्या दारापासून लिफ्टपर्यंत थेंब सांडले, आणि बाकावर त्याच पेशंटची बायको बसलेली. तिनं फरशीकडे बघितलं, मग माझ्याकडे. त्यानंतर टोकाला जाड पॅड बांधून दोन पिशव्या चढवल्याशिवाय मी एकही पाय बाहेर सोडला नाही. साठ किलोच्या माणसाचा गुडघ्याखालचा पाय साडेतीन किलोच्या आसपास भरतो. आमचे मामा (वॉर्डबॉयला आम्ही मामाच म्हणतो) ती पिशवी गाठीला धरून लोंबकळत कधी नेत नसत, दोन्ही हातांवर घेत. त्यांना हे कुणी शिकवलं नव्हतं.

पिशवी पिवळी असते. २०१६ च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांप्रमाणे माणसाचे अवयव, मांसाचे तुकडे, बाळंतपणातली वार हे सगळं पिवळ्यात जातं. नळ्या आणि सलाइनच्या बाटल्या लाल पिशवीत, सुया आरपार जाणार नाहीत अशा पांढऱ्या डब्यात, काच निळ्यात. पिवळ्या पिशवीवर बारकोड लागतो, वजन होतं, नोंद होते आणि ती कुलपाच्या खोलीत ठेवतात. बिनप्रक्रियेचा अवयव ४८ तासांपेक्षा जास्त ठेवायचा नाही. तेवढ्यात सामायिक प्रक्रिया केंद्राची बंद गाडी येऊन घेऊन जाते. तिथल्या भट्टीला दोन कप्पे असतात. पहिल्यात निदान ८०० अंशांवर पिशवी जळते. निघालेला धूर दुसऱ्यात १०५० अंशांच्या आसपास किमान दोन सेकंद जाळतात आणि मगच तो ३० मीटर उंच धुराड्यातून बाहेर सोडतात. दुसऱ्या कप्प्यात कसूर झाली तर वास आणि विषारी वायू आसपासच्या गावांच्या नाकात जातात.

राखेचं मात्र नाही जमणार. स्मशानातून आपण आणतो ती एका माणसाची रक्षा. भट्टीतली राख कितीतरी दवाखान्यांच्या बोळ्यांची, पट्ट्यांची, सगळ्यांची मिळून. तिच्यात विषारी घटक मर्यादेबाहेर निघाले तर ती घातक कचऱ्याच्या केंद्रावर पाठवावी लागते, तळोजा किंवा रांजणगावला आहेत तशा. आईंना हे कसं सांगायचं ते तुम्ही ठरवा, पण चुलीतल्या राखेची पुडी बांधून देऊ नका. एका घरात मुलानं दिली होती. सहा महिन्यांनी सुनेच्या तोंडून निघालं, आणि म्हातारीनं त्या मुलाशी बोलणं टाकलं.

ज्यांच्या घरी ऑपरेशन अजून व्हायचंय त्यांच्यासाठी : पाय हवा असेल तर भुलीच्या कागदावर सही करतानाच विचारा. गाडी गेली की गेली. आमच्याकडे मुसलमान आणि ख्रिस्ती घरं दफनासाठी मागून घेत. एकदा एका लिंगायत आजोबांचा मुलगाही घेऊन गेला. लेखी अर्ज, ओळखपत्राची प्रत आणि कुठे पुरणार ते लिहून घ्यायचो. मग पाय थेट तिकडे, घरी नाही. प्रत्येक दवाखान्याची रीत वेगळी असते. अपघाताची पोलीस केस असेल तर आम्ही पोलिसांना विचारल्याशिवाय हात लावत नव्हतो.

प्रश्न : मी दुर्गम भागातल्या उपकेंद्रात आरोग्यसेविका आहे. कचऱ्याची गाडी इथवर येत नाही, म्हणून बाळंतपणानंतरची वार मागच्या खड्ड्यात पुरतो. पावसाळ्यात त्यात पाणी साचतं. शिवाय काही घरं वार मागतात.
– नंदुरबार जिल्हा

उत्तर : ताई, पाणी साचतंय म्हणजे जागाच चुकलीय. झाकण बदलून काही होणार नाही. गाडी पोचत नाही अशा ग्रामीण आणि दुर्गम भागात खोल पुरायला परवानगी आहे, पण खड्ड्याच्या तळापासून भूजल किमान सहा मीटर खाली हवं, जवळ उथळ विहीर नको, वस्ती दूर हवी. खड्डा साधारण दोन मीटर खोल. अर्धा भरेपर्यंत वापरायचा. दर वेळी वार टाकली की वर दहा सेंटिमीटर माती. अर्धा झाला की जमिनीच्या खाली पन्नास सेंटिमीटरपर्यंत चुना आणि उरलेली माती. वर गॅल्व्हनाइज्ड पत्रा किंवा तारेची जाळी. आणि किती पुरलं त्याची नोंद. या जागेला प्रदूषण नियंत्रण मंडळाची मंजुरी लागते, तेव्हा खड्डा पाण्यानं भरलेला असताना मोबाइलवर फोटो काढा आणि तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना लेखी कळवा. तोंडी सांगितलेलं दिवाळीपर्यंत कुणाच्या लक्षात राहत नाही.

वार मागणाऱ्यांवर चिडू नका. माझी वार आजीनं परसात मडक्यात घालून पुरली, हळदकुंकू वाहिलं आणि कुत्र्यानं उकरू नये म्हणून वर जात्याची फुटकी तळी ठेवली. चुना नव्हता, पण दगड ठेवायची अक्कल होती. उलट मी शिकायला होते तेव्हा, १९९८ चे पहिले नियम यायच्या कितीतरी आधी, एका मोठ्या इस्पितळाच्या मागे उघडा खड्डा होता आणि तिथली कुत्री गलेलठ्ठ. वार द्यायची की नाही हे वैद्यकीय अधिकाऱ्यांना विचारून ठरवा. आईला कावीळ ब किंवा एचआयव्ही असेल तर मी तरी हातात देणार नाही.

प्रश्न : अक्कलदाढ काढली, डॉक्टरांनी कागदात बांधून हातात दिली. आता?
– पुणे

उत्तर : तुमचीच आहे, धुवा आणि ठेवा. नको असेल तर दाताच्या दवाखान्यातच परत द्या. दातही अवयवच, पिवळ्यात जातो. फक्त चांदी भरलेली असेल तर तसं सांगा, कारण त्या चांदीत पारा असतो आणि तो भट्टीत जाता कामा नये. घराच्या पत्र्यावर फेकायचे ते दुधाचे दात. अक्कलदाढ फेकलीत तर शेजारी विचारतील.