निपाणीहून गाडी घेऊन गुहागर-दापोली: किलोमीटर सोडा, तिथी बघा

निपाणीच्या दादांनी विचारलंय की मे महिन्यात डिझायर घेऊन, बरोबर सत्तरीतली आई, बायको आणि दोन मुलं, असं गणपतीपुळ्याहून गुहागर आणि पुढे दापोली करायचंय. मोबाईल मध्येच नदीतून रस्ता दाखवतोय, तर गाडी बोटीत खरंच जाते का, बुकिंग कुठं करायचं आणि आईला झेपेल का?

जाते की. मी बेळगावचा, गेल्या बारा-तेरा वर्षांत पाच वेळा गाडी घातलीय त्या बोटीत. कोकणात तिला जंगल जेटी म्हणतात, त्यामुळे वाटेत 'फेरी कुठं' असं विचारण्यापेक्षा 'जंगल कुठं' विचारा. झाडं दाखवणार नाहीत, काळजी नको.

तुमच्या वाटेवर दोन खाड्या लागतात. पहिली जयगडची, म्हणजे शास्त्री नदीचं मुख. अलीकडे जयगड, पलीकडे गुहागर तालुक्यातलं तवसाळ. दुसरी वाशिष्ठीची, अलीकडे धोपावे आणि पलीकडे दाभोळ. दाभोळची जंगल सेवा २००३ पासून चालू आहे. पाण्यावरचा वेळ पंधरा-वीस मिनिटांच्या आतबाहेर. ती टाळली तर धोपाव्याहून चिपळूणला वळसा घालून दापोली गाठावी लागते, त्यात अर्धा दिवस मोडतो. बुकिंगच्या भानगडीत पडू नका, तिकीट धक्क्यावर मिळतं. गाडीचं वेगळं, माणसांचं वेगळं. सुटे पैसे जवळ ठेवा, खाडीच्या तोंडाशी मोबाईलची रेंज रुसते आणि मग स्कॅन करत बसावं लागतं.

आता मुख्य मुद्दा. आपण घाटावरची माणसं किलोमीटर मोजतो. इथं पाणी मोजायचं. बोट धक्क्याच्या उतारावर आपली लोखंडी फळी टाकते आणि गाडी त्यावरून चढते. भरती असेल तर फळी जवळजवळ सपाट पडते. ओहोटीला बोट खाली जाते, उताराचा खालचा शेवाळलेला भाग उघडा पडतो, आणि डिझायरसारख्या ठेंगण्या गाडीची हनुवटी नेमकी त्या फळीच्या कडेला लागते.

भरती कधी, याचा कोकणातला जुना हिशोब सोपा आहे. तिथीला पाऊणने गुणा. चतुर्थी असेल तर तीनच्या सुमारास पूर्ण भरती, अष्टमीला सहाच्या, आणि अमावास्या-पौर्णिमेला (पंधरा धरून) सव्वाअकरा-बाराच्या. जागेप्रमाणे अर्धा-पाऊण तास मागंपुढं होतं, पण अंदाजाला पुरतं. भरतीनंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. भिंतीवरच्या कॅलेंडरात तिथी असतेच, घरातून निघायच्या आधी बघून घ्या.

यातली गोम अशी की अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं, म्हणजे भरती सर्वांत वर आणि ओहोटी सर्वांत खाली. आणि ती खोल ओहोटी येते संध्याकाळी पाच-सहाला, नेमकी सगळे पर्यटक बोट गाठायला पळतात तेव्हा. मी एका अमावास्येला असाच पुळ्याचं जेवण आटोपून, आंबेवाल्याशी घासाघीस करून जयगडला पोचलो. गाडीत पाच माणसं, डिकीत सासुरवाडीला द्यायचा कुंदा आणि दोन पेट्या हापूस. फळीवर चढताना खर्रर्र असा आवाज झाला की बोटीवरची सगळी माणसं वळून बघायला लागली. बंपरची खालची पट्टी लोंबकळत होती. खलाशी शांतपणे म्हणाला, 'माणसं उतरवायची होती ना आधी.' चूक माझीच. पट्टी सुतळीनं बांधून दापोलीपर्यंत नेली. अष्टमीच्या आसपास भांग असतो, पाण्याची चढउतार कमी, तेव्हा वेळेची एवढी चिंता नाही.

म्हणून उतारावर पोचलात की आई-मुलांना आधीच उतरवा, फक्त चालवणारा आत. खलाशी हातानं दाखवेल तसंच घ्या, रिव्हर्स म्हणाला तर रिव्हर्स, तिथं आपली हुशारी नको. बोटीत हँडब्रेक आणि पहिला गिअर. आईंना बोटीत चढताना हात धरायला एक माणूस लागेल, कारण फळी ओली असते आणि खालचा लोखंडी पत्रा चपलेला दाद देत नाही. बाकी प्रवास अंगणात बसल्यासारखा.

वाट म्हणाल तर कोल्हापूर, मलकापूर, आंबा घाट, साखरपा, हातखंबा, मग निवळी फाट्यावरून पुळे. चौपदरीकरणामुळे तिकडं वेळेचा भरवसा नाही. पहिली रात्र पुळ्यात काढा. सकाळी जयगड ओलांडलंत की तवसाळपासून हेदवी आणि वेळणेश्वर वाटेवरच येतात. दाभोळला उतरलात की घाईनं दापोलीकडे सुटू नका. आपल्या विजापूरच्या आदिलशाहीचं हे बंदर, हजचे यात्रेकरू इथून जहाजात चढायचे. आज धक्क्यावर बसून ते खरं वाटत नाही.

शेवटची बोट किती वाजता, हे आदल्या संध्याकाळी धक्क्यावर फोन करून विचारा, किंवा लॉजवाल्याला विचारायला लावा. वेळा ऋतूप्रमाणे बदलतात, आणि पावसाळ्यात वारं उठलं की बोट थांबते. तुम्ही मे म्हणताय, पण शेवटच्या आठवड्यात वळवाचा भरवसा नाही, त्यामुळे पहिल्या पंधरवड्यात जा.

खाली एकानं विचारलंय की बेळगावहून जवळ, एका दिवसात असं काही आहे का. आहे, तेरेखोलचा किल्ला. फक्त एक सांगतो. चोर्ला घाट उतरला की केरीची पाटी लागते आणि माझा मेव्हणा 'आलो, आलो' म्हणून बूट काढायला लागला. ती गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातली केरी. फेरीबोटीची केरी पेडणे तालुक्यात, समुद्रावर. तिथून नदी ओलांडली की तेरेखोल. नदी ओलांडल्यावर महाराष्ट्र यायला हवा, पण एवढा किल्ला आणि भोवतालचं गाव गोव्याचं. हद्दी अशाही असतात हे आपल्याला कुणी शिकवायला नको. तिथंही ओहोटीला बोट अडते. अडलीच तर किरणपाणीचा पूल आहे, आरोंद्यावरून वळसा घालून जाता येतं.

दापोलीहून परत येताना बोट नको. खेड, चिपळूण, कुंभार्ली घाट, कराड करून सरळ निपाणी. आणि घरी पोचल्यावर गाडी खालून गोड्या पाण्यानं धुवून घ्या, दुसऱ्याच दिवशी. मी एकदा आठवडाभर तशीच ठेवली होती, सायलेन्सरवर तांबेरा धरला.