नंबर नवा म्हणून गाडी नवी नसते

ताई, सेकंडहँड गाडीच्या डीलरने तुम्हाला सांगितलं, “नंबर देखो ना, नई सीरीज है, गाडी कहाँ पुरानी है!” आणि तुमचा इंग्लंडमधला भाचा म्हणतो की तिकडे नंबर प्लेट बघून गाडीचं वय कळतं. भाचा बरोबर आहे. डीलर मात्र तिकडचा नियम इंदूरच्या गाडीला लावतोय.

इंग्लंडमध्ये सप्टेंबर २००१ पासून प्लेटवर दोन अक्षरं, दोन आकडे आणि मग तीन अक्षरं असतात. मार्च ते ऑगस्टमध्ये नोंदलेल्या गाडीवर वर्षाचेच आकडे येतात, म्हणजे २०१९ साठी १९. सप्टेंबरपासून त्यात ५० मिळवतात, म्हणून ६९. शिवाय जुन्या गाडीवर नव्या वर्षाचा नंबर लावायला तिथे मनाई आहे. उलट चालतं, नव्या गाडीवर जुना नंबर हौसेने लावतात.

आपल्याकडे एमपी ०९ म्हणजे इंदूरचं आरटीओ, एवढंच. पुढची अक्षरं आणि चार आकडे हा त्या ऑफिसातला क्रम. सीएनंतर सीबी, सीबीनंतर सीसी. गाडी कारखान्यातून कधी निघाली याच्याशी त्याचा संबंध नाही. ती आपल्या आरटीओच्या रांगेत कधी उभी राहिली, ते नंबर सांगतो. मूळची इंदूरचीच गाडी असेल तर सीरीजवरून ढोबळ अंदाज बांधता येतो. बाहेरून आलेली असेल तर तो अंदाज पार फसतो.

आणि इंदूरच्या सेकंडहँड बाजारात बाहेरची गाडी भरपूर असते. दिल्लीत दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंदी आली, तेव्हापासून तिथल्या आठ-नऊ वर्षं वापरलेल्या डिझेल गाड्या स्वस्तात बाहेरगावी निघू लागल्या. दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून जास्त ठेवायची तर कायद्याने तिथला नंबर घ्यावा लागतो. मग जुन्या राज्याची एनओसी (ना-हरकत पत्र) येते, टॅक्स भरला जातो आणि जुन्या गाडीला आजच्या सीरीजचा कोरा एमपी ०९ मिळतो. यात बेकायदा काही नाही. ते लपवून भाव लावणं हीच खरी लबाडी. (भोपाळ किंवा ग्वाल्हेरची गाडी असेल तर राज्य एकच, त्यामुळे एमपी ०४, एमपी ०७ तसाच राहतो.)

अशी गाडी ओळखायची माझी आवडती खूण म्हणजे आरसीवरचं, म्हणजे नोंदणीपत्रावरचं, बीएस (भारत स्टेज, धुराच्या प्रदूषणाचं मानक). १ एप्रिल २०२० पासून नवी गाडी बीएस ६ च नोंदली जाते. म्हणजे सीरीज गेल्या वर्ष-दोन वर्षांतली आणि आरसीवर बीएस ४ लिहिलेलं, असं दिसलं की समजा, गाडी दुसरीकडे आयुष्य काढून इथे आली आहे. काचेवरचं स्टिकरही बघा. पेट्रोल-सीएनजीला फिकट निळं, डिझेलला केशरी, आणि बीएस ६ असेल तर वर हिरवी पट्टी. हाय सिक्युरिटी प्लेटवर मात्र विसंबू नका. १ एप्रिल २०१९ नंतरच्या नव्या गाडीला ती आधीपासून असते, पण जुन्यांनाही नंतर बसवून घ्यावी लागली आहे. चकचकीत प्लेट बघून फसणारे कमी नाहीत.

वय सांगणाऱ्या प्लेट आपल्याकडेही आहेत. २०२१ मध्ये बीएच (भारत) सीरीज आली, तिचे पहिले दोन आकडे म्हणजे पहिल्या नोंदणीचं वर्ष. २२ बीएच म्हणजे २०२२. आणि महूकडे जाताना लष्कराची गाडी दिसली तर वर तोंड केलेल्या बाणापुढचे दोन आकडे बघा, ते ती लष्करात दाखल झाल्याचं वर्ष. गंमत म्हणजे तीच जिप्सी लिलावात निघून कुणा हौशी माणसाने घेतली की तिलाही आरटीओचा ताजा नंबर मिळतो आणि पाटीवरचं वय पुसलं जातं.

काही वेळा राज्याचं अक्षरच बोलतं. एमपी २३ हा रायपूरचा नंबर, छत्तीसगड वेगळं होण्याआधीचा. तशी प्लेट अजून फिरताना दिसली तर गाडी पंचवीशीच्या आसपासची किंवा पुढची. ओरिसाचं ओआर २०१२ मध्ये ओडी झालं. तेलंगणाचं टीएस २०१४ मध्ये सुरू झालं आणि २०२४ मध्ये टीजी झालं. तुमच्या व्यवहारात याचा उपयोग नाही, पण सिग्नलला थांबल्यावर वेळ छान जातो.

आता तुमचं काम. आरसी हातात घ्या आणि दोन तारखा वाचा, उत्पादनाचा महिना-वर्ष आणि नोंदणीची तारीख. दोन-चार महिन्यांचं अंतर असतंच, डिसेंबरात बनलेली गाडी मार्चमध्ये विकली जाते. एक वर्षाहून जास्त दिसलं तर शोरूमला पडून राहिलेला माल, भाव पाडून मागा. खासगी गाडीची पंधरा वर्षं पहिल्या नोंदणीपासून मोजतात, इंदूरला नंबर मिळाल्यापासून नाही. म्हणून नोंदणी कधीपर्यंत वैध आहे तेही वाचा. त्यातून पंधरा वजा केली की पहिली नोंदणी निघते. नंबर टाकून एम-परिवहन ॲपवर ताडून घ्या. चॅसी नंबरातही वर्षाचं अक्षर असतं, पण सगळ्या कंपन्यांची पद्धत एक नाही, त्या भानगडीत पडू नका. टायरवर २३१९ असं काही दिसेल, म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. पण टायर बदलले जातात. सीटबेल्ट पूर्ण ओढून त्याच्या मुळाशी शिवलेलं लेबल वाचा, ते सहसा कुणी बदलत नाही.

डीलर आरसी दाखवायला टाळाटाळ करत असेल तर मागच्या राज्याच्या एनओसीची प्रत मागा. जुना नंबर त्यातच असतो, आणि त्या नंबरावर चलान थकलंय का तेही मग बघता येतं.