तळं फुकट, पैसे काठाचे

वाचकांची चौकशी

चीनमध्ये तळ्याकाठच्या मोठ्या हॉटेलात राहण्याबद्दल या महिन्यात बरीच पत्रं आली. बहुतेक सगळी हांगझोऊच्या वेस्ट लेकबद्दल आहेत, म्हणून या वेळचं सदर तिथेच मुक्कामाला. बरीच वर्षं मी सहली घेऊन तिकडे जात आले आहे. काही मतं त्यामुळे घट्ट झाली आहेत, तेवढी सांभाळून घ्या.

ताई, माझा मुलगा शांघायला नोकरीला आहे. आमच्या लग्नाला चाळीस वर्षं होतायत, म्हणून तो आम्हा दोघांना वेस्ट लेकच्या काठी मोठ्या हॉटेलात दोन रात्री ठेवणार म्हणतो. तळं दिसणारी खोली आणि बागेकडची खोली यांच्या भाड्यात रात्रीला ९०० युआनचा फरक आहे. नुसत्या खिडकीचे एवढे पैसे द्यावेत का? माझे गुडघे दुखतात, फार चालवत नाही. — एक वाचक, नाशिक

मुलगा हौसेने देतोय तर देऊ द्या, असं म्हणणार होते. पण तुम्ही हिशेब विचारलाय, तर हिशेबच सांगते. आधी काठ ठरवा, मग हॉटेल, आणि खिडकी सगळ्यात शेवटी. बुकिंग करताना बहुतेक जण फोटोतल्या खिडकीपासून सुरुवात करतात आणि हॉटेल नेमकं कुठल्या काठाला आहे हे तिथे पोचल्यावर कळतं.

वेस्ट लेक साधारण साडेसहा चौरस किलोमीटरचं. तीन बाजूंना डोंगर, चौथ्या म्हणजे पूर्वेच्या बाजूला शहर. २००२ पासून काठावर फिरायला तिकीट लागत नाही. त्यामुळे खिडकीतून जे दिसतं तेच रस्ता ओलांडला की फुकटात दिसतं. मग काठावरचं हॉटेल पैसे कशाचे घेतं? माझ्या मते, पहाटेचे आणि रात्रीचे. सकाळी सहाच्या आसपास काठावर म्हातारी मंडळी ताय-ची करत असतात, कुणी ओल्या कुंचल्याने फरशीवर अक्षरं काढत असतो, आणि पर्यटक अजून गाडीत बसलेले असतात. दहा वाजले की ते सगळे एकदम उतरतात. काठावर राहणाऱ्याने तोवर फिरून यावं, नाश्ता करावा, दुपारी झोप काढावी आणि रात्री जेवण झाल्यावर पुन्हा बाहेर पडावं. जो हे करणार नाही, त्याने काठावरच्या हॉटेलचे पैसे का भरावेत, हे मला खरंच कळत नाही.

आता काठ. पूर्वेचा हूबिन हा भाग म्हणजे शहराचा बाजार: दुकानं, मेट्रो, रात्री संगीतावर नाचणारी कारंजी आणि ती बघायला लोटलेली माणसं. इथल्या खोल्या पश्चिमेला तोंड करून, त्यामुळे डोंगरांमागे सूर्य बुडताना दिसतो. देखावा म्हणाल तर हाच सगळ्यात भारी, आणि गोंगाटही इथेच सगळ्यात जास्त. उत्तरेला बेइशान रस्ता. दुतर्फा मोठी झाडं, जुने बंगले. १९८४ साली शांग्री-लाने चीनच्या मुख्य भूमीवर पहिलं हॉटेल सुरू केलं ते याच काठावर. इथल्या खोल्या दक्षिणेला बघतात. पाण्यापलीकडे लेइफंग पॅगोडा दिसतो. जुना पॅगोडा १९२४ मध्ये कोसळला, आत्ताचा २००२ चा आहे आणि तिथे चढायला सरकता जिना आहे, तेव्हा गुडघ्यांना धोका नाही. पश्चिमेकडे सगळी झाडी आणि शांतता. सरकारी अतिथिगृह तिकडेच, १९७२ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन उतरले होते ते. त्या भेटीतल्या चीन-अमेरिका संयुक्त निवेदनाच्या, म्हणजे शांघाय जाहीरनाम्याच्या शब्दांवरून दोन्ही बाजूंची शेवटची घासाघीस तिथेच झाली. जागा अप्रतिम. पण साधी बिस्किटं आणायची तरी गाडी लागते, आणि शनिवार-रविवारी तळ्याच्या परिसरात खासगी गाड्यांना सम-विषम नंबरांचा नियम असतो.

तुमच्यासाठी मी उत्तरेचा काठ निवडेन. तिथून बाय बांध, म्हणजे तळ्यातून जाणारी एक वाट, जवळ आहे. जेमतेम किलोमीटरभर, सपाट, वाटेत दोनच पूल आणि बसायला बाकं. नाव बाय जुयीचं. हा कवी ८२२ साली इथे राज्यपाल म्हणून आला होता. दुसरा तो सू बांध. हाही कवी-राज्यपालाच्याच नावाचा. सू दोंगपोने १०८९ नंतर तळ्यातला गाळ उपसला आणि त्याच गाळाचा हा बांध घातला. तो जवळपास पावणेतीन किलोमीटर आहे आणि त्यावर सहा कमानदार पूल आहेत. तिकडे पायी जाऊ नका. तळ्याभोवती बॅटरीवर चालणाऱ्या उघड्या गाड्या फिरतात, त्यात बसा.

राहिली खिडकी. ९०० युआन द्या, पण हॉटेलला ईमेल करून दोन गोष्टी लेखी विचारल्यानंतर: मजला कितवा, आणि समोर झाडं आहेत का. काठावर उंच इमारतींना परवानगी नाही आणि झाडं जुनी आहेत, त्यामुळे खालच्या मजल्यांवरून एप्रिलनंतर पानंच दिसतात. ‘अंशतः तळं दिसते’ असं लिहिलेल्या खोलीतून गॅलरीत मान वाकडी केल्यावर तळं दिसतं. अशी खोली मिळत असेल तर सरळ बागेकडची घ्या आणि उरलेल्या पैशांतून नावाडी असलेली होडी करा. होडीचे दर घाटावर फलकावर लिहिलेले असतात, घासाघीस लागत नाही. मधल्या बेटाजवळ पाण्यात दगडाचे तीन छोटे दीपस्तंभ उभे आहेत. खिशात एक युआनची नोट असेल तर उलटून बघा, तेच चित्र आहे.

आणखी एक. मुलाला सांगा, रविवार ते गुरुवार या रात्री धरायच्या. १ ऑक्टोबरपासूनचा राष्ट्रीय सुटीचा आठवडा, मे महिन्याची सुटी आणि एप्रिलच्या सुरुवातीचा छिंगमिंग सण टाळायचे. त्या दिवसांत भाडं चढतं, आणि बाय बांधाच्या टोकावरच्या पुलावर माणसांचा पूर आवरायला पोलीस उभे असतात. सप्टेंबरअखेरीस ओस्मँथसचा बारीक पिवळा फुलोरा येतो आणि सगळं गाव घमघमतं. तो योग साधला तर उत्तम, फक्त १ तारखेच्या आत परत फिरा.

जानेवारीत वेस्ट लेकवर तळं दिसणारी खोली घेतली. मुक्कामभर धुकं. समोरचा काठसुद्धा दिसला नाही. हॉटेलकडे फरकाचे पैसे परत मागितले तर हसून नकार दिला. हे बरोबर आहे का? — एक वाचक, ठाणे

बरोबर आहे. हॉटेल तुम्हाला खिडकीची दिशा विकतं, हवामान विकत नाही. हसायला नको होतं, एवढं मात्र मान्य.

पुढच्या वेळी अशी खोली आगाऊ घेऊ नका. बागेकडची घ्या, शक्यतो रद्द करता येणाऱ्या दराने, आणि पोचल्यावर आकाश स्वच्छ असेल तर काउंटरवर विचारा की वरची खोली किती फरकाने मिळेल. गर्दीचे दिवस नसतील तर तिथे बऱ्याचदा कमी पैशांत काम होतं. जूनच्या मध्यापासून जुलैच्या सुरुवातीपर्यंत तिथे संततधार असते आणि त्यानंतर अंगाची काहिली. कमळं मात्र त्याच उन्हाळ्यात फुलतात, हा तिढा काही सुटत नाही.

बाकी धुक्याबद्दल तुमचं आणि तिथल्या लोकांचं जमणार नाही. हे तळं उन्हात छान दिसतं आणि पावसाच्या धुरकटातही तितकंच विलक्षण दिसतं, असं सू दोंगपोने कवितेत म्हणून ठेवलंय आणि ते तिथल्या शाळकरी पोरांनाही पाठ असतं. तुम्ही तक्रार केलीत तेव्हा काउंटरवरच्या मुलीला बहुधा तेच आठवलं असेल.

आम्ही दोघी मैत्रिणी जातोय. मोठ्या हॉटेलात पासपोर्ट काढून घेतात, अनामत ठेवायला लावतात आणि आपलं कार्ड कुठेच चालत नाही, असं ऐकलं. खरं काय? — एक वाचक, कोल्हापूर

भारतीय पासपोर्टवर व्हिसा लागतो, तो आधी काढून ठेवा. पासपोर्ट काउंटरवर घेतात, स्कॅन करतात आणि लगेच परत देतात. परदेशी पाहुण्याची पोलिसांकडे नोंद चोवीस तासांच्या आत व्हावी लागते, ती हॉटेलच करतं. नातेवाइकांच्या घरी उतरलात तर मात्र ती स्वतः करावी लागते. नाशिकच्या बाईंनीही हे वाचावं, मुलाच्या घरी राहणार असतीलच.

अनामत घेतात. ती क्रेडिट कार्डावर ठेवा, डेबिटवर नको. डेबिट कार्डावरची रक्कम सुटायला कधी कधी बरेच दिवस लागतात आणि तोवर खात्यात हात बांधलेले. जाहिरातीतल्या दरात सेवाशुल्क आणि कर धरलेत का तेही बघा. बऱ्याच ठिकाणी ते वरून लागतात आणि बिल साधारण सहावा हिस्सा फुगतं. टिप कुणालाही देऊ नका, पद्धतच नाही.

हॉटेलबाहेर कार्ड खरंच फारसं चालत नाही. निघण्यापूर्वी घरी बसून अलीपे हे पैसे द्यायचं चिनी ॲप फोनवर घ्या, पासपोर्टने ओळख पटवा आणि आपलं व्हिसा किंवा मास्टरकार्ड त्याला जोडा. २०० युआनपर्यंतच्या व्यवहाराला वेगळं शुल्क नाही, त्यावरच्याला ३ टक्के. शहरभर धावणारी दीदी ही ॲपवरची टॅक्सीही त्यातूनच बोलावता येते. काही शे युआन रोख पर्समध्ये असू द्यात.

हॉटेलचं वायफाय कितीही वेगवान असलं तरी त्यावर गुगल आणि व्हॉट्सॲप चालत नाही. आपल्या सिमवर आंतरराष्ट्रीय रोमिंग घेतलंत की दोन्ही चालतात. घरच्यांना आधी सांगून ठेवा, म्हणजे हॉटेलात फोन लागला नाही तर घाबरायचे नाहीत.

चातुर्मासात जाणं होतंय. कांदा-लसूण वर्ज्य. पंचतारांकित हॉटेलात आमची सोय होईल का? — एक वाचक, सांगली

होईल, आणि हॉटेलपेक्षा देवळात जास्त चांगली होईल. चिनी बौद्ध परंपरेत शाकाहार म्हणजे कांदा, लसूण आणि त्यांची सगळी भावंडं बाद. जुन्या यादीत हिंगसुद्धा वर्ज्य आहे, म्हणजे तुमच्याहून कडक! लिंगयिन मंदिर तळ्यापासून गाडीने थोड्या अंतरावर आहे. तिथे आणि आसपास शाकाहारी नूडल्स मिळतात. हे मंदिर ३२८ साली हुइली नावाच्या भारतातून आलेल्या भिक्षूने स्थापन केलं असं मानतात. समोरची टेकडी बघून तो म्हणाला होता, मगधातला गृध्रकूट उडून इथे कसा आला! टेकडीला आजही ‘उडून आलेलं शिखर’ म्हणतात. जेवायच्या आधी तिच्या कड्यांत कोरलेल्या बुद्धमूर्ती बघून घ्या.

हॉटेलात नुसतं ‘शाकाहारी’ म्हणून भागत नाही. भाजी शाकाहारी आणि तिच्यात कोंबडीचं पाणी किंवा डुकराची चरबी, असं सहज होतं. खोली घेतल्याबरोबर काउंटरवरून चिनीत एक चिठ्ठी लिहून घ्या: बौद्ध पद्धतीचं शाकाहारी, मांसाचं पाणी नको, चरबी नको, अंडं नको, कांदा-लसूण नको. ती प्रत्येक जेवणाला दाखवा. नाश्त्याला तांदळाची पांढरी पेज, वाफवलेले पाव, सोयाचं गरम दूध आणि फळं मिळतात. पेजेवर घालायला लोणच्याची छोटी बाटली नेलीत तर कुणी काही म्हणणार नाही.

शांघायहून एका दिवसात जाऊन येता येईल का? हॉटेलचा खर्च वाचेल. — एक वाचक, पुणे

येईल. होंगच्याओ स्टेशनवरून वेगवान गाडी साधारण तासाभरात हांगझोऊ ईस्टला सोडते, तिथून मेट्रोची १ नंबरची लाइन लोंगशियांगच्याओला, आणि वर आलात की चालत तळं. तिकिटाला मूळ पासपोर्ट लागतो. मात्र दहा वाजता उतरणाऱ्या त्या गर्दीत मग तुम्हीही असाल.

हॉटेलच्या दुकानात लोंगजिंग चहाचे सुंदर डबे आहेत. भेट द्यायला घ्यावेत का? — ठाण्याचे तेच वाचक

डबा हवा असेल तर घ्या. चहा हवा असेल तर तळ्याच्या नैर्ऋत्येला डोंगरात लोंगजिंग गाव आहे, तिथे जाऊन चाखून घ्या. छिंगमिंगच्या आधी खुडलेल्या पानांचा सगळ्यात महाग असतो. त्यानंतरचा पिऊनही आपल्यासारख्यांचं काही बिघडत नाही. दूध-साखर घालू नका आणि उकळतं पाणी ओतू नका, ऐंशी अंशांच्या आसपासचं पुरतं.